एकटीचा जमाव

गळा हा खालसा झालेल्या संस्थानच्या राजासारखा असतो. सत्ता कशावरच नाही, पण मानमरातब मात्र पूर्वीचाच हवा. रात्रीचं दही त्याला चालत नाही, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी लोणचं चालत नाही, फ्रीजमधलं पाणी तर बारा महिने वर्ज्य. आवाजावर पोट असणारी माणसं जन्मभर या राजाची मर्जी सांभाळत असतात. पर्समध्ये ज्येष्ठमधाची काडी आणि खडीसाखरेची पुडी, सकाळी हळद-मिठाच्या गुळण्या, पावसाळ्यात वाफारा, आणि लग्नाच्या पंगतीत आइस्क्रीम समोर आलं की हात जोडून ‘नको हो, उद्या डबिंग आहे’. आमच्या घरात याची वर्षानुवर्षं थट्टा होत आली. ‘हिच्या गळ्याचे फार लाड’ असं सासूबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग २०२० चा मार्च आला आणि बघता बघता अख्खा देश माझ्यासारखा वागू लागला. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा प्यायला सांगितला. माझ्या थर्मासवर विनोद करणारे दीर स्वतःचा थर्मास घेऊन गॅलरीत बसायला लागले. सकाळी सातच्या सुमारास इमारतीतल्या सगळ्या बेसिनांमधून गुळण्यांचा असा समूहस्वर उठे, की काही दिवस मला एखाद्या आडबाजूच्या पंथाला अचानक राजाश्रय मिळाल्यासारखं वाटत होतं.

आणि खोकला! एरवी खोकल्याला भिणारे फक्त आम्हीच. त्या महिन्यात फोन लावला की रिंग वाजण्याआधी कुणीतरी खोकायचं आणि मग एक शांत, समजूतदार बाईचा आवाज हात धुवायला सांगायचा. तो आवाज दिल्लीच्या जसलीन भल्ला यांचा, हे पुढे सगळ्यांना कळलं. त्यांच्या आधीचा खोकला कुणाचा, ते मात्र कळलं नाही, आणि मला कुतूहल होतं ते त्याचंच. आमच्या धंद्यात खोकला आला की टेक गेला. इथे खोकला हाच ओके झालेला टेक होता! काचेपलीकडून कुणीतरी ‘वन मोर, थोडा आणखी कोरडा’ असं म्हटलं असेल का, याचा विचार करत मी कित्येकदा फोन कुणाला लावला होता तेच विसरायची. नंतर त्या जागी अमिताभ बच्चन यांचा आवाज आला, आणि २०२१ च्या जानेवारीत तो काढावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. पुढे लसीकरणाचा निरोप घेऊन पुन्हा भल्लाच आल्या. फोनमध्ये कोणाचा घसा वाजावा, हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीपर्यंत जावा, एवढी प्रतिष्ठा आमच्या व्यवसायाला त्याआधी कधी लाभली नव्हती.

मी डबिंग करते, मराठीत आणि हिंदीत. सासवा, परिचारिका, परदेशी मालिकांमधल्या वकील बाई, एक म्हातारी चेटकीण, आणि गेली बरीच वर्षं एका कार्टूनमधला आठ वर्षांचा मुलगा. त्याचं नाव सांगत नाही, करारात तसं कलम आहे. लहान मुलग्यांचे आवाज पुष्कळदा बायकाच देतात. मुलग्याचा आवाज बारा-तेराव्या वर्षी फुटतो आणि मालिका तर चालूच राहते. शिवाय खऱ्या मुलाला शाळा असते, परीक्षा असते, दुपारी झोप येते. बाईचा आवाज फुटत नाही, आणि दुपारची झोप तिने कधीच सोडून दिलेली असते. माझा पोटचा मुलगा दहावी झाला, बारावी झाला, नोकरीला लागून पुण्याला गेला, हा मात्र आठाचाच राहिला. माझ्या गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरला तरी तो भिंतींवरून उड्या मारतोच आहे. दर उडीला एक ‘हुप्प’ लागतं, ते मी देते.

१९ मार्चपासून चित्रीकरणं थांबली, स्टुडिओंना कुलुपं लागली. वाहिन्यांची भूक मात्र थांबली नव्हती. नवीन काही चित्रित होत नाही, म्हणून परक्या भाषेतलं डब करून दाखवायचं, आणि डब करायचं तर स्टुडिओ बंद. या पेचातून कपाटाचा जन्म झाला. कपाटात बसून रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसांचा एक पंथच त्या उन्हाळ्यात जगभर तयार झाला, मी त्याची डोंबिवली शाखा. मुलाने पुण्याहून फोनवरून शिकवलं, ह्यांनी कपाटाचा खालचा खण काढून टाकला, आणि मी माझ्याच साड्यांमध्ये मांडी घालून बसले. नेसून जायला कुठे जागा नव्हती, तेव्हा साड्या बिचाऱ्या ध्वनिशोषक म्हणून कामाला लागल्या. तिथे मला त्यांची एक नवीन प्रतवारी कळली. लग्नातला शालू, ज्याच्या वजनाला मी आयुष्यभर कंटाळले, तो आवाजाची धार छान गिळायचा. शिफॉनचा कानाला काही उपयोग नव्हता. पंखा बंद, दार लोटलेलं, बाहेर मे महिना, आणि आत डांबराच्या गोळ्यांच्या वासात एक आठ वर्षांचा मुलगा ड्रॅगनशी लढतोय. त्यातच एका परदेशी मालिकेतली माझी बाई मेली. किंकाळी मनासारखी यायला काही टेक लागले. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. आधी भाजीची चौकशी केली, मग आवाज उतरवून म्हणाल्या, “घरी सगळं ठीक आहे ना गं?” पुढचे काही दिवस ह्यांच्याकडे सोसायटी जरा तिरक्या नजरेने बघत होती. मला हसू आलं खरं, पण काकूंबद्दल मायाही वाटली. दारं बंद असण्याच्या त्या काळात कितीतरी घरांवर असा एखादा फोन यायला हवा होता.

कपाट जमलं त्याचं श्रेय साड्यांना नाही, शांततेला आहे. आमची इमारत रुळांच्या जवळ. एरवी इथे दर थोड्या मिनिटांनी एक गाडी माझ्या वाक्यातून आरपार जाते. पण मार्चच्या शेवटी लोकल थांबल्या आणि डोंबिवलीवर अशी काही शांतता उतरली, की कान आधी विश्वासच ठेवीनात. कोकिळा ऐकू यायला लागल्या. लांबच्या इमारतीतलं कुणीतरी पेटीवर तोच एक राग रोज चुकीच्या जागी अडखळून वाजवायचं, तेही ऐकू यायचं. पुढे १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या, हळूहळू वाढत गेल्या, आणि माझ्या मुलाच्या प्रत्येक ‘हुप्प’मागे कर्जत फास्ट धडधडू लागली. डबिंग डायरेक्टरने दोन-तीनदा सांभाळून घेतलं. मग तो म्हणाला, “ताई, ड्रॅगनच्या गुहेत लोकल येतेय. आता स्टुडिओतच या.” यायचं कसं? तर रेल्वेने. गाडीच्या आवाजाने घरातून उठवलं आणि मग गाडीनेच स्टुडिओत नेऊन सोडलं, एवढा सरळ न्याय रेल्वे एरवी करत नाही.

रेल्वेने बायकांना लोकलची मुभा दिली ती २१ ऑक्टोबरला, सकाळी ११ ते दुपारी ३ आणि मग संध्याकाळी ७ नंतर. नवरात्र चालू होतं. बायकांच्या डब्यात नवरात्राचे रंग असतात हे मुंबईकरांना सांगायला नको; त्या वर्षी साडीच्या रंगाचे मास्कही होते. इतक्या महिन्यांनी डब्यात चढले तर एकाआड एक सीटवर फुल्या, खिडक्या सताड उघड्या आणि ओळखीचं कुणी नाही. की होतं? सगळ्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि मी माणसं डोळ्यांवरून ओळखणाऱ्यांतली नाही. पलीकडच्या बाकावर दोघी बोलत होत्या. मास्क आवाजातली वरची पट्टी खातो. स, श, च यांची धार जाते, शब्द कापडात गुंडाळून पोचते केल्यासारखे येतात. त्यामुळे सगळा डबा एकाच बाईच्या आवाजात बोलतोय असं वाटत होतं. एक पिना-टिकल्यावाली तेवढी चढली. तिने मास्क हनुवटीवर ओढून आरोळी दिली, आणि तिच्या त्या खणखणीत, नियमबाह्य ‘च’ने माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी टिकल्यांचं एक पाकीट घेतलं. कपाळाला टिकली लावण्याइतका चेहरा निदान मास्कच्या वर शिल्लक होता.

अंधेरीच्या त्या स्टुडिओत मी पूर्वी शेकडो वेळा गेले असेन, पण दारात कुणी कपाळावर पिस्तूल रोखलं नव्हतं. ताप नव्हता. मग बोटाला ऑक्सिमीटर. आयुष्यभर लांब श्वासाच्या जोरावर लांब वाक्यं विकलेल्या बाईचा श्वास एका चिमट्याने तपासला आणि पास केला, याचा मला अवाजवी आनंद झाला. हेडफोन घरून आणायचे होते, पॉप फिल्टरही. माइकपुढची ती गोल जाळी, ‘प’ आणि ‘फ’चे धक्के अडवणारी. ज्यांनी ठेवून दिल्या होत्या त्यांच्या जाळ्या मार्करने नावं घालून भिंतीवर ओळीने टांगलेल्या होत्या, कुठल्याशा परग्रहावरच्या पूर्वजांच्या तसबिरींसारख्या. कागदी स्क्रिप्ट गेली, टॅबवर आली. सगळ्यात मजेदार प्रकरण माइकचं. दाराच्या कडीपासून खुर्चीच्या हातापर्यंत जे जे स्थिर होतं त्यावर सॅनिटायझर फवारलेला, पण माइकवर फवारायचा नाही. कंडेन्सर माइकच्या पोटात सोन्याचा मुलामा दिलेला, केसाहून कितीतरी बारीक पडदा असतो. त्यावर ओलावा गेला की संपलं. म्हणून माइकलाच विलगीकरणात ठेवत. एका कलाकाराचं काम झालं की तो माइक काढून बाजूला, दुसरा लावायचा. स्टुडिओच्या कपाटात तो आपल्या स्पंजच्या टोपीसह एकटा पडून असायचा, आणि आमच्यातलं कुणी पॉझिटिव्ह निघालं की आम्ही घरोघरी जसे पडून होतो, तसाच दिसायचा.

डॉक्टर सांगत होते खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा, बंद खोलीत बोलू नका, मोठ्याने तर नकोच. डबिंगचं बूथ म्हणजे या सगळ्याची उलटी यादी आहे. खिडकी नाही, कारण खिडकीतून रिक्षा येते. हवा खेळत नाही, कारण खेळणारी हवा वाजते. एसीसुद्धा दबक्या पावलांनी. दाराला एवढी जाड कड, की ते बंद होताना कानात हलकासा दाब बसतो. आणि या खोलीत शिरून, दार लावून, दिवा लाल झाला की काय करायचं, तर मास्क काढायचा आणि ओरडायचं. बाहेरच्या सगळ्या मुंबईत मास्क न लावल्याबद्दल दंड होता. मास्क लावून चालणार नाही अशी तेवढीच चार बाय सहाची जागा. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांचा एक छोटासा प्रयोग ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला होता. अंधारात लेझरचा हिरवा पडदा धरायचा, त्यासमोर माणसाला बोलायला लावायचं, आणि तोंडातून उडणारे थेंब चमकतात ते मोजायचे. आवाज जितका मोठा तितके थेंब जास्त, हे निघणारच होतं. मी हरखले ते त्यांनी बोलायला दिलेल्या वाक्यामुळे. ‘स्टे हेल्दी’. निरोगी राहा! आणि सर्वांत जास्त थेंब उडाले ते ‘हेल्दी’मधला तो दातांवर जीभ टेकवून काढायचा उच्चार करताना. शुभेच्छेतलीच नेमकी जागा सापडावी, यात कुणाचीतरी खोडी आहे असं मला अजून वाटतं. तेव्हापासून मी मनातल्या मनात मराठी वर्णमाला थेंबांच्या हिशेबाने लावत असे. ‘म’ आणि ‘न’ निरुपद्रवी, ओठ मिटून किंवा नाकातून. ‘फ’ आणि ‘भ’ मात्र फवारे. ‘धडधड’, ‘फटफजिती’, ‘भांडखोर’ हे शब्द टाळून एक सभ्य, सुरक्षित मराठी तयार करता येईल का, असंही वाटून गेलं. पण त्या मराठीत सासू कशी बोलणार?

हसण्याच्या तळाशी भीती होतीच. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० ला एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ माणसं जमली होती, त्यांपैकी ५३ जणांना लागण झाली, दोघं गेली. कुणी काही चुकीचं केलं नव्हतं, गाणं म्हटलं होतं. ही बातमी वाचल्यापासून रिकाम्या बूथमध्ये शिरताना मला आपल्या आधी इथे कोण हसून गेलं असेल, कोण रडून गेलं असेल, असं वाटे. एरवीही वाटायचं, पण ते निराळ्या अर्थाने.

लोक मात्र उगाच समजत होते की आमचं काम विषाणूने एकेकट्याचं करून टाकलं. आम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून अंतर राखून होतो. पूर्वी फिल्मच्या तुकड्याचं टोकाला टोक जोडून त्याची माळ करत, तीच ती पडद्यावर फिरत राही, आणि दृश्यातले सगळे कलाकार एका माइकभोवती उभे राहून ते जमेपर्यंत बोलत. ‘लूप’ हा शब्द तिथला, आता फिल्म गेली तरी तोंडात राहिलाय. आकाशवाणीवर नाटकंही तशीच व्हायची. माझं लहानपण मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’वर पोसलेलं आहे. टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि पंत म्हणजे बाळ कुडतरकर. त्या तिघांना मी एका घरातच राहणारी माणसं समजत होते, आणि ऐकताना त्यांच्यामधलं हातभर अंतर, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने घेतलेला श्वास, हे सगळं दिसायचं. मग संगणक आला, प्रत्येक आवाजाला स्वतंत्र ट्रॅक मिळाला, आणि निर्मात्यांच्या लक्षात आलं की नवरा-बायकोचं भांडण रेकॉर्ड करायला दोघांनी एका दिवशी यायची गरज नाही. मी गेली काही वर्षं एका गृहस्थांची पडद्यावरची बायको आहे. आमचा संसार सुखाचा आहे. आम्ही भेटलेलो नाही. २०२० च्या जुलैमध्ये कुडतरकर गेले. अठ्ठ्याण्णव वर्षं त्या आवाजाला लाभली होती. त्या दिवसांत कुणाच्या दारात जाऊन उभं राहण्याची सोय नव्हती. मी कपाटात बसून ड्रॅगनची दोन पानं केली आणि मग तशीच, हेडफोन कानावर ठेवून, काही न लावता बसून राहिले.

एकत्र येण्याचं आमच्यात उरलेलं शेवटचं निमित्त म्हणजे क्राऊड. मोर्चा, बाजार, लग्न, दंगल, काहीही असलं की आठ-दहाजणांना एकदम बूथमध्ये कोंबायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं. काय बोलायचं ते लिहिलेलं नसतं. कुणी रेशनचा भाव सांगतो, कुणी ‘मारा, मारा’ म्हणतो, कुणी मागच्या महिन्याचा चेक आला का विचारतो. ते ऐकू येत नाही, नुसता जमाव ऐकू येतो. क्राऊडमध्ये पैसे कमी, पण मला ते काम फार प्रिय. कोपर कोपराला लागतं, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास येतो, आणि दंगल पेटलेली असताना नेमकं कुणीतरी फिस्सकन हसतं. तर त्या ऑक्टोबरात एक दाक्षिणात्य चित्रपट होता, सावकाराच्या वाड्यावर गाव चालून येतं असा. डायरेक्टर म्हणाला, “ताई, गावातल्या बायका तुम्ही एकट्याच करा. वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊ.” मग मी माइकपासून जवळ एक भांडखोर बाई केली. दोन पावलं मागे सरून एक घाबरलेली. भिंतीकडे तोंड करून एक अशी, की जी नुसती बघायला आली आहे. चौथी म्हातारी, तिला काय चाललंय तेच कळत नाहीये. त्या वर्षी मुंबईत १४४ कलमाचे जमावबंदीचे आदेश कितीदा निघाले, पाचजणांनी एकत्र येऊ नये म्हणून. पाचवा ट्रॅक सुरू होण्याआधी मी काचेतून इंजिनिअरकडे पाहिलं, त्यानेही माझ्याकडे पाहिलं, आणि मास्कच्या वर त्याचे डोळे बारीक झाले. आम्ही दोघांनी मिळून कायदा मोडला.

सगळे ट्रॅक एकत्र लावून ऐकले तेव्हा काहीतरी बिनसलं होतं. आवाज वेगळे, वयं वेगळी, शिव्यासुद्धा वेगळ्या. डायरेक्टरला कळेना, मलाही कळेना. इंजिनिअरने तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकला आणि टॉकबॅकचं बटण दाबून म्हणाला, “ताई, सगळ्या बायका एकदम श्वास घेतायत.” मी ऐकलं, तर खरंच. वाड्यासमोर उभं ठाकलेलं अख्खं गाव एका छातीने आत ओढत होतं, एका छातीने सोडत होतं. पुन्हा सगळ्या केल्या. भांडखोर बाईला श्वास घ्यायला वेळच दिला नाही. घाबरलेलीला अर्धाच दिला. बघायला आलेलीला सावकाश, पोटभर. म्हातारीला मी मध्येच दम लागू दिला, आणि तो दम माझाच होता, कारण मास्क लावून जिना चढून आल्यापासून तो बाकी होता.

कपाटात हे कधीच झालं नसतं. तिथे गाड्या नव्हत्या तेव्हा टेक निर्मळ यायचे. पण ओके म्हणणारीही मीच होते, आणि मला माझं सगळंच पटायचं. नाहीतर काहीच पटायचं नाही आणि पहाटेपर्यंत एकाच ‘आई गं’ची पारायणं चालायची. काचेपलीकडे बसलेल्या माणसाला आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही. त्याचं नाव पडद्यावर आलंच तर इतक्या भरकन जातं, की त्याच्या आईलाही वाचता येऊ नये. तो दिवसभरात फार तर चार शब्द बोलतो. वन मोर. सिंक गेला. प फुटला. ओके. पण मी बोलत असताना एक माणूस डोळे मिटून ऐकतोय, आणि मी घेतलेला श्वाससुद्धा ऐकतोय, याची जी ऊब असते ती शालूच्या घडीत नव्हती. बूथमध्ये उभी राहून पहिलं ‘वन मोर’ कानावर आलं तेव्हा मला कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं झालं. वाक्य काही फार चांगलं झालं नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं.

काम तीनच्या पुढे गेलं म्हणजे सात वाजेपर्यंत अंधेरीतच. रेल्वेच्या त्या वेळापत्रकाने मला बसून राहण्याची चैन करायला लावली. कॉरिडॉरच्या टोकाला उघडी खिडकी होती, तिथे थर्मास उघडून बसायचं. एका संध्याकाळी तो इंजिनिअर कटिंग चहा घेऊन लांबच्या खुर्चीवर येऊन बसला. टाळेबंदीनंतर लागलेला मुलगा, त्यामुळे मी त्याला फक्त डोळ्यांवर आणि टॉकबॅकवर ओळखत होते. टॉकबॅकमधला त्याचा आवाज खोल, संथ, चाळिशीकडे झुकलेला. त्याने चहासाठी मास्क काढला, आणि आतून एक कोवळा, गालावर खळी असलेला, मिसरूड नुकतं सावरू लागलेला चेहरा निघाला. आवाजावरून चेहरे बांधण्यात आपला हात धरणारं कुणी नाही अशी माझी समजूत होती. मी बघतच राहिले. तो लाजला आणि म्हणाला, “ताई, तुम्हीपण काही त्या पोरासारख्या दिसत नाही.” मग जरा घुटमळून त्याने विचारलं, भाचीशी बोलाल का? ती पहिलीत होती, बदलापूरला. शाळा सुरू झाली ती फोनवरच, वर्गातली एकही मुलगी तिने अजून प्रत्यक्ष पाहिली नव्हती. मामा अमक्या कार्टूनमधल्या मुलाला ओळखतो, यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

त्याने फोन लावला, दोन बोटांनी बाकावर ठेवला आणि दूर सरकला. मी घशाला इशारा केला, खांदे जरा वर घेतले, आणि आठ वर्षांची झाले. “हॅलो! मी बोलतोय. जेवलीस का?”

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग अगदी जवळून, फोनला तोंड लावून, “तू कुठेयस?”

“मामाच्या ऑफिसात.”

“बाहेर आहेस?”

“हो.”

“मग मास्क कुठेय तुझा?”

मी चमकले. व्हिडिओ नव्हता, साधा फोन. “तुला कसं कळलं मास्क नाहीये ते?”

“ऐकू येतंय ना,” ती कंटाळून म्हणाली, एवढंही कळत नसलेल्या मुलाशी बोलावं तशी. इंजिनिअरने कपाळाला हात लावला. मी हनुवटीखालचा मास्क नाकावर ओढला, कडा नीट दाबल्या, आणि त्याच पट्टीत पुन्हा म्हटलं, “आता?”

तिने नीट ऐकून घेतलं. “हं, आता बरोबर,” ती म्हणाली. “आता बोल. ड्रॅगनचं काय झालं?”